निकषांच्या कागदावर सही करणाऱ्या साहेबांस

हेमलकसा, ता. भामरागड, जि. गडचिरोली

साहेब,

हे पत्र कुणा एका माणसाला नाही. गर्भाशयातल्या गाठींवरच्या अभ्यासात कोणत्या बायका घ्यायच्या आणि कोणत्या वगळायच्या हे ठरवून जो कोणी खाली सही करतो, त्या प्रत्येकाला आहे. तुम्ही मुंबईत बसत असाल, दिल्लीत बसत असाल किंवा परदेशी अनुदानासाठी प्रस्ताव लिहीत असाल, तुमच्या कागदाचं ते एक पान सगळीकडे जवळपास सारखंच असतं. त्या पानाबद्दल मला तुमच्याशी भांडायचं आहे.

अंगावरून जास्त जाणाऱ्या बाईचा अभ्यास करायला तुम्ही निघता आणि पहिली अट घालता की तिचं हिमोग्लोबिन आठच्या खाली नको. दुसरी अट, सिकलसेलसारखा रक्ताचा दुसरा आजार नको. तिसरी, ठरल्या तारखेला केंद्रावर येता आलं पाहिजे. चौथी, संमतीपत्र समजेल इतकी तुमची भाषा आली पाहिजे. पाचवी, संपर्कासाठी फोन हवा. एकेक अट सुटी वाचली तर शहाणपणाची वाटते, आणि पहिल्या दोन अटींमागे रुग्णाच्या सुरक्षेचा विचार आहे हेही मी मान्य करते. पण पाचही एका पानावर आल्या की भामरागड, एटापल्ली, अहेरी, सिरोंचा या तालुक्यांतल्या माडिया-गोंड बाईसाठी दरवाजा बंद होतो. आजाराने सर्वांत जास्त पिळलेली बाई त्या आजाराच्या अभ्यासाला अपात्र ठरते. हे पान तुम्ही लिहिलंत, म्हणून आरोपीच्या पिंजऱ्यात तुम्ही आहात.

तुम्हाला माहीत असलेलीच गोष्ट आधी सांगते, कारण तुमच्यानंतर हे पत्र इतरही वाचणार आहेत. गर्भाशयाच्या स्नायूत वाढणारी ही गाठ कर्करोगाची नसते. बहुतेक बायकांना तिचा त्रास होत नाही, आणि पाळी गेल्यावर ती बहुधा आपोआप आक्रसते. ज्यांना त्रास होतो त्यांना मात्र फार होतो. पाळी आठ-दहा दिवस हटत नाही, गुठळ्या पडतात, ओटीपोट जड होतं, लघवीला सारखं जावं लागतं, मूल राहत नाही किंवा राहिलेलं टिकत नाही. आणि रक्त जातच राहतं. रक्तस्राव कमी करणारी ट्रानेक्झामिक अॅसिडची गोळी आहे. गर्भाशयात बसवायचं, संप्रेरक सोडणारं आणि काही वर्षं काम करणारं साधन आहे. गर्भाशयाची पिशवी जागेवर ठेवून नुसती गाठ काढता येते. गाठीकडे जाणारी रक्तवाहिनी बंद करण्याचा उपाय 1995 साली पॅरिसमधल्या डॉक्टरांनी जगापुढे मांडला. पिशवी काढणं हा या यादीतला शेवटचा उपाय. नागपूरला, पुण्याला शिकलेली, पैसे असलेली बाई डॉक्टरसमोर बसून ही सगळी यादी ऐकते आणि निवड करते. जंगलातून आलेल्या बाईपुढे यादीतलं शेवटचं नाव तेवढं ठेवलं जातं.

ते का, याचं उत्तर शोधायला बीडला जा. ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढल्या जात असल्याचं 2019 मध्ये विधिमंडळात गाजलं. तीन वर्षांत 99 खासगी रुग्णालयांत 4,605 शस्त्रक्रिया झाल्याचं सरकारने सभागृहात सांगितलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. त्याआधी 2012 मध्ये इथून नदीपलीकडच्या छत्तीसगडमध्ये आरोग्य विम्याच्या पैशासाठी हेच झाल्याचं उघड झालं होतं. राजस्थानातल्या दौसा जिल्ह्यातल्या अशाच शस्त्रक्रियांची माहिती घेऊन डॉ. नरेंद्र गुप्ता सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि 5 एप्रिल 2023 रोजी न्यायालयाने सर्व राज्यांना सांगितलं की केंद्राची 2022 ची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा. प्रत्येक वेळी पैसे उकळणाऱ्या डॉक्टरांकडे बोट दाखवलं गेलं, आणि ते बरोबरच होतं. पण त्या डॉक्टरांच्या हातात "गाठ आहे, काढून टाकू" हे वाक्य इतक्या सहज का आलं? कारण त्या बाईला गाठ होती की नव्हती, होती तर केवढी, गोळीने भागलं असतं का, हे तपासून लिहून ठेवणारं तिच्या बाजूने कुणीच नव्हतं. तुम्ही तिला मोजलं नाहीत, म्हणून तिच्या पोटात काय आहे याबद्दल कुणीही तिला काहीही सांगू शकलं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने 2015-16 च्या चौथ्या फेरीपासून पिशवी काढली का, कुठे काढली आणि का काढली हे विचारायला सुरुवात केली, ती मोठी गोष्ट आहे. त्यातून कळलं की निम्म्याहून जास्त बायका कारण म्हणून जास्त रक्तस्राव किंवा वेदना सांगतात आणि बहुतेक शस्त्रक्रिया खासगी दवाखान्यांत होतात. पण ती पाहणी बाईला आठवतं ते लिहून घेते. डॉक्टरने जे कारण तिच्या कानावर घातलं, तेच आपल्या आकडेवारीत कारण म्हणून छापलं जातं.

आता तुमची उत्तरं. ती मी बैठकांमध्ये इतक्यांदा ऐकली आहेत की तुमच्या आधी मीच सांगू शकेन.

तुम्ही म्हणता, इथे माणसं फार थोडी आहेत. 2011 च्या जनगणनेत भामरागड तालुक्याची लोकसंख्या सुमारे 36,000 होती. याच जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या 650 बायकांची तपासणी केली आणि तो अभ्यास जानेवारी 1989 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यातल्या 92 टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग निघाला. स्वतःहून तक्रार सांगणाऱ्या 55 टक्केच होत्या, आणि त्याआधी कधी स्त्रीरोग तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के. दोन गावं, 650 बायका. कुटुंबनियोजनापलीकडे बाईच्या आरोग्याकडे पाहायला जगाला ज्या अभ्यासांनी भाग पाडलं, त्यांत हा पुढे होता. त्याचा रोख गाठींवर नव्हता, सगळ्याच स्त्रीरोगांवर होता. पण विश्वास मिळवला तर गावातल्या बायका तपासणीला येतात, हे त्याने सिद्ध केलं. तेव्हा या जिल्ह्याला वेगळं होऊन जेमतेम सहा-सात वर्षं झाली होती, रस्ते आजच्यापेक्षा कितीतरी वाईट होते. तुमच्याकडे आज हातात धरून नेता येणारं सोनोग्राफीचं यंत्र आहे.

तुम्ही म्हणता, पाठपुरावा होणार नाही, बायका गळतील. अमेरिकेत डेट्रॉइट शहरात 2010 ते 2012 या काळात सुमारे 1,700 तरुण कृष्णवर्णीय बायकांना एका अभ्यासात घेतलं गेलं. सगळ्यांची सोनोग्राफी, आणि पुढे पाच वर्षं ठराविक अंतराने पुन्हा पुन्हा. कृष्णवर्णीय बायकांना गाठी लवकर होतात, मोठ्या होतात आणि त्यांची पिशवी जास्त प्रमाणात काढली जाते, हे तिथे आधी दिसलं होतं. पन्नाशीपर्यंत कृष्णवर्णीय बायकांमध्ये 80 टक्क्यांहून अधिक आणि गोऱ्या बायकांमध्ये जवळपास 70 टक्के जणींना गाठ होते, हे 2003 मध्ये छापून आलं होतं. ज्या समाजावर आजाराचा भार जास्त, त्या समाजातल्याच बायका त्यांनी अभ्यासाला घेतल्या. त्याच देशात पुढे ड्यूक विद्यापीठाने समन्वय करून नऊ वैद्यकीय केंद्रं एकत्र आणली, गाठींवर उपचार घेणाऱ्या हजारो बायकांची एकच सामाईक नोंदवही तयार केली आणि कोणत्या उपचाराने कुणाला किती बरं वाटतं हे ताडून पाहिलं. सगळीकडे प्रश्न तेच, मोजमाप तेच. अमेरिकेतली विषमता त्यामुळे संपली नाही, पण ती आहे हे आता कुणाला नाकारता येत नाही. तुमच्या प्रस्तावात मात्र गळती होईल या भीतीने बाईला आधीच गाळलेलं असतं.

पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे खरं आहे. नागपूर इथून सुमारे साडेतीनशे किलोमीटर आहे, हेही खरं आहे. मग वेळापत्रक नदीप्रमाणे आखा. धान कापून झालं की मोहफुलं सुरू होईपर्यंत, डिसेंबर ते फेब्रुवारी, माणसं गावात सापडतात. एप्रिल-मे तेंदूपानांचे, तेव्हा बायका पहाटेच जंगलात असतात. तुमची आर्थिक वर्षाची घाई नेमकी मार्चमध्ये आणि पाहणीची पथकं नेमकी भर उन्हात का निघतात, याचं उत्तर तुमच्या लेखा विभागाकडे मागा.

सिकलसेलबद्दल मात्र मी तुम्हाला सहज सोडणार नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या आदिवासी समाजात सिकलसेल हा घराघरातला आजार आहे. ज्या बाईच्या तांबड्या पेशी मुळातच लवकर मरतात, तिच्या अंगावरून गाठीमुळे दर महिन्याला दुप्पट रक्त गेलं तर तिचं काय होत असेल? तिचा थकवा सिकलसेलच्या नावावर टाकला जातो आणि गाठ तशीच राहते. किंवा उलट होतं, गाठीसाठी तिला टेबलावर घेतलं जातं आणि तिचं रक्त कसलं आहे ते आधी तपासलेलंच नसतं. सिकलसेल असलेल्या माणसाच्या रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा धोका अधिक असतो. मग रक्तस्राव रोखणारी गोळी तिला किती निर्धास्तपणे द्यायची? संप्रेरक सोडणारं साधन तिला जास्त मानवेल का? आफ्रिकी वंशाच्या बायकांवरची उत्तरं आणून इथे चिकटवता येत नाहीत, कारण भारतातल्या आदिवासींमधल्या सिकलसेलची जनुकीय घडण वेगळी आहे आणि त्याचा स्वभावही बराचसा वेगळा आहे. म्हणजे हा प्रश्न जगात जिथे सोडवता येईल अशा थोड्या जागांपैकी एक जागा ही आहे. आणि ज्या बाईच्या रक्तात तो प्रश्न आहे, तिला तुम्ही दुसऱ्या अटीत बाहेर काढता.

कदाचित माडिया बायकांना गाठी कमीही होत असतील. ज्यांना मुलं जास्त होतात त्यांच्यात गाठींचं प्रमाण कमी दिसतं, आणि ड जीवनसत्त्व कमी असलेल्या बायकांमध्ये जास्त, असं बाहेरच्या अभ्यासांत आढळलं आहे. इथली बाई दिवसभर उन्हात असते. प्रमाण कमी निघालं तर तेही जगाच्या कामाचं ज्ञान आहे. आणि तसं असेल तर गाठीच्या नावाखाली काढलेल्या पिशव्यांचा हिशेब आणखी कडकपणे मागावा लागेल.

कुर्मा घराबद्दल तुम्ही ऐकलं असेल. पाळीच्या दिवसांत माडिया बाई घराबाहेरच्या त्या झोपडीत राहते. मुंबईहून येणारे पत्रकार तिचे फोटो काढतात, राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानेही त्याची दखल घेतली, काही गावांत संस्थांनी पक्की घरं बांधून दिली. ज्या बाईचं अंगावरून जाणं बारा-पंधरा दिवस थांबत नाही, तिचा महिन्याचा अर्धा भाग तिथे जातो. तिची मुलं कुणाकडे, तिचं शेतातलं काम कुणी केलं, पावसाळ्यात ती तिथे कशी राहिली, हे सगळं गावाला ठाऊक असतं. जास्त रक्तस्राव म्हणजे नक्की किती, हे ठरवण्यासाठी तुमच्या प्रश्नावलीत पॅड मोजायला सांगतात. जी बाई पॅड वापरत नाही तिची तुमच्या रकान्यात नोंदच होत नाही. पण ती किती रात्री कुर्मा घरात राहिली, हे गावातली कुणीही बाई सांगेल. बोटांवर मोजून सांगेल. हे मोजमाप इथे वर्षानुवर्षं होतंय. त्यातून प्रथेचं समर्थन होत नाही, आणि मी ते करतही नाही. पण आजार ओळखायची खूण समोर असताना तुम्ही तिच्याकडे फक्त मागासलेपणाचं चित्र म्हणून पाहिलंत, याचा मला राग आहे.

एकत्र येऊन संशोधन करा असं म्हटलं की तुम्ही नवं केंद्र, नवी इमारत, नवा निधी मागता. जरा गडचिरोली, चंद्रपूर आणि नागपूरला आधीच काय आहे ते बघा. हेमलकशाला 23 डिसेंबर 1973 रोजी बाबा आमट्यांनी लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आमटे आणि भूलतज्ज्ञ असलेल्या डॉ. मंदाकिनी आमटे यांनी झोपडीपासून उभा केलेला दवाखाना आज इथे आहे. पुढच्या पिढीतल्या डॉ. अनघा आमटे स्वतः स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत, आणि छत्तीसगडमधूनही बायका इथे चालत येतात. गडचिरोलीजवळ शोधग्राममध्ये 'सर्च' ही संस्था आहे, जिथे गावात जाऊन संशोधन करण्याची तीन-चार दशकांची शिस्त आहे. चंद्रपूरला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं रक्तदोषांवरचं केंद्र आहे, सिकलसेलची पक्की तपासणी तिथे होते. चंद्रपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, गडचिरोलीला महिला व बाल रुग्णालय आहे, नागपूरला गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियांची सोय आहे. गावोगावी आशा कार्यकर्ती आहे, जी माडिया बोलते. प्रत्येकाच्या वहीत त्याच बाईचा एकेक तुकडा लिहिलेला आहे: एकीकडे तिचं रक्त, दुसरीकडे तिची बाळंतपणं, तिसरीकडे तिची सोनोग्राफी, आणि तिच्या पिशवीचं काय झालं ते एखाद्या लांबच्या खासगी दवाखान्याच्या बिलावर. हे तुकडे शिवून एक वाकळ करायची, एवढंच समन्वयाचं काम आहे. त्यासाठी इमारत लागत नाही. एक सामाईक तक्ता लागतो, एक सामाईक व्याख्या लागते, आणि शोधनिबंधावर पहिलं नाव कुणाचं हा तुमचा वाद बाजूला ठेवावा लागतो. तो वाद कित्येक चांगल्या कामांच्या मुळावर आला आहे, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता.

आणि परवानगीचं म्हणाल तर हा ग्रामसभांचा जिल्हा आहे. मेंढा-लेखासारख्या गावाने जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवून दाखवला. इथल्या गावाला चर्चा करून निर्णय घेता येतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 2017 ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वंही आदिवासी समाजाशी आधी बोला, त्याला अभ्यासाचा लाभ मिळू द्या, असंच सांगतात. ती तत्त्वं वाचून तुम्ही आदिवासी बाईला "असुरक्षित गट" म्हणता आणि त्या सबबीवर तिला वगळता. तिचं संरक्षण करायचं असेल तर रक्ताच्या पिशवीची सोय करून तिला आत घ्या, हिमोग्लोबिन आठच्या खाली असेल तर आधी शिरेतून लोह द्या आणि मग तिला अभ्यासात मोजा. वगळण्याने ती सुरक्षित होत नाही. ती कुठल्या तरी दलालाच्या जीपमध्ये बसून शस्त्रक्रियेला जाते.

डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीने देशातल्या आदिवासींच्या आरोग्यावरचा अहवाल 2018 मध्ये सरकारला दिला. आदिवासींची वेगळी, विश्वासार्ह माहितीच उपलब्ध नाही, ही त्यातली एक मोठी तक्रार होती. तो अहवाल तुमच्या कपाटात आहे. तुमच्या प्रस्तावांच्या प्रास्ताविकात त्याचा दाखलाही असतो. दाखला देऊन झाल्यावर पुढच्याच पानावर ते निकष येतात.

तेव्हा आता हे करा. पहिली अट बदला: रक्त कमी असलेली बाई आधी बरी करून अभ्यासात घेतली जाईल, असं लिहा. दुसरी अट उलटी करा, सिकलसेल असलेल्या बायकांचा वेगळा गट ठेवा आणि त्याला चंद्रपूरच्या केंद्राशी जोडा. केंद्र तिच्या गावापर्यंत न्या. संमती माडियात, तोंडी, तिला विश्वासाची वाटणारी दुसरी बाई शेजारी बसवून घ्या, आणि नको म्हणणाऱ्या बाईचा उपचार अडवू नका. ज्या बाईची सोनोग्राफी कराल तिला निकाल त्याच दिवशी, तिच्या भाषेत सांगा. ज्या बायकांच्या पिशव्या आधीच काढल्या गेल्या आहेत त्यांनाही शोधा. त्यांचं वय काय होतं, अंडाशय ठेवले की तेही काढले, आता त्यांची हाडं, त्यांचं हृदय कसं आहे, हे त्यांना कुणी कधी विचारलेलं नाही. आणि त्यांच्यापैकी दोघी-तिघींना तुमच्या त्या समितीत घ्या जिथे निकष ठरतात, मतासह.

या पत्राचं उत्तर द्यायचं असेल तर ते मला पाठवू नका. भामरागड तालुक्यातल्या ग्रामसभांना पाठवा, डिसेंबरच्या आधी पोहोचेल असं पाठवा, आणि सोबत सुधारलेलं निकषांचं पान जोडा.

तुमच्या नमुन्यात न बसलेल्या जिल्ह्यातली
एक गडचिरोलीकर